शाळा बुडू नये म्हणून

बाळांनो,

गेल्या महिन्यात तुमच्या आईने तिकडे अमेरिकेत नागरिकत्वाची शपथ घेतली. हातात छोटा झेंडा धरलेला तिचा फोटो मी आमच्या सोसायटीत सगळ्यांना दाखवला. दुसऱ्या दिवशी तिचा फोन आला. "आई, आता तुझे कागद करायला घेते," ती म्हणाली. मी म्हटलं, "नको गं. आता नको." तेवढ्यात मागून मोठीचा आवाज आला, "आजी, आम्ही त्या डोंबिवलीच्या शाळेत गेलो नसतो तर आईला पहिल्याच वेळी मिळालं असतं ना? मग तू कधीच आली असतीस."

तुझ्या आईने तुला गप्प केलं. मीही काहीतरी गुळमुळीत बोलले आणि विषय बदलला. पण ते वाक्य माझ्या मनातून गेलं नाही. त्या शाळेत गेलीस तेव्हा तू नऊ वर्षांची होतीस. इतकी वर्षं तू हे मनात धरून बसली असशील, तर ते काढायला हवं, आणि माझ्याने होतंय तोवरच काढायला हवं. फोनवर असलं काही धड सांगता येत नाही. कधी धाकट्याची प्रॅक्टिस असते, कधी माझी हॉस्पिटलची गाडी खाली येऊन उभी असते. म्हणून लिहिते आहे. ठाण्याच्या एका शाळेत मी जन्मभर इंग्रजी शिकवलं, तेव्हा तुम्हाला इंग्रजीत लिहिणं मला जड नव्हतं. तरी मराठीत लिहिते आहे. का ते शेवटी सांगेन.

आधी नियम समजून घ्या, कारण घरात त्याबद्दल अर्धवट बोलणीच झाली आहेत. तुम्ही दोघं तिकडे जन्मलात, म्हणून जन्मापासून तिथले नागरिक. आईबाबा नव्हते. त्यांच्याकडे ग्रीन कार्ड होतं, म्हणजे कायम राहायची परवानगी. त्यानंतर पाच वर्षं सलग तिथे राहिलं की नागरिकत्वाचा अर्ज करता येतो. मध्ये सुट्टीला इकडे येऊन गेलं तर हरकत नसते. पण सहा महिन्यांहून जास्त बाहेर काढले, तर हा माणूस खरोखर इथेच राहत होता का, असं सरकार विचारतं, आणि उत्तर पुराव्यानिशी द्यावं लागतं. नाही देता आलं तर झालेली वर्षं धरत नाहीत. आणि आईवडिलांना कायमचं आपल्याजवळ न्यायचं असेल तर ग्रीन कार्ड पुरत नाही, नागरिकच व्हावं लागतं. तुमच्या आईला भाऊ नाही, बहीण नाही. आम्हा दोघांना म्हातारपणी आपल्या घरी न्यायचं, हे तिने पहिल्यांदा विमानात बसतानाच ठरवलं होतं. त्या पाच वर्षांतली साडेतीन झाली होती, तेव्हा तुमचे आजोबा आजारी पडले.

त्यांची फुफ्फुसं आकसत चालली होती. बरं होण्यातला तो आजार नव्हता. किती दिवस, ते डॉक्टर सांगत नव्हते. गणपतीच्या आधी आठवडाभर तुमची आई तुम्हाला घेऊन आली. बाबा कामामुळे तिकडेच राहिले. तुम्हाला आठवत असेल, हॉलमध्ये पलंगाशेजारी ऑक्सिजनचं मशीन घरघरत असे, आणि लाइट गेले की तुमची आई धावत सिलिंडरची नळी जोडत असे. धाकटा त्या मशीनला 'आजोबांचा फ्रिज' म्हणायचा.

सहा महिन्यांचा नियम तिने आल्या आल्याच आम्हाला सांगितला. आजोबा अंबरनाथच्या एका कारखान्यात टूलरूममध्ये होते. त्यांना तो नियम फार पटला.

"म्हणजे हजेरी घेतं म्हण की तुमचं सरकार," ते म्हणाले.

"हो अप्पा. घेतं."

"आमचा टाइमकीपरही असाच होता. पाच मिनिटं उशीर झाला की अर्धा दिवस कापायचा." मग दम घेऊन म्हणाले, "पण माणूस बरा होता हो."

सुरुवातीला सगळं महिन्या-दोन महिन्यांच्या हिशोबाने चाललं होतं. तुमच्या शाळेने तिकडून धडे पाठवले होते. ते टॅबलेटवर करायचे असत. मोठी करायची, धाकटा टॅबलेट घेऊन पलंगाखाली जायचा. आईची रजा संपली, मग बिनपगारी रजा संपली. दिवाळीच्या आधी कंपनीने नम्रपणे विचारलं की नक्की कधी येणार. तिला तारीख सांगता येईना. फराळाची भाजणी आणायला मी बाजारात गेले होते, परत आले तोवर तिने राजीनामा पाठवलेला होता. मला म्हणाली, "नोकरी पुन्हा मिळेल गं." तिकडे तुमच्या बाबांनी विचार केला, एकट्या माणसाला एवढं मोठं घर कशाला? त्यांनी भाड्याचं घर सोडलं, सामान एका गोदामात ठेवलं आणि मित्राकडे एका खोलीत राहायला गेले. आम्ही त्यांचं कौतुक केलं. आजोबा म्हणाले, "जावई शहाणा आहे. रिकाम्या घराचं भाडं कोण भरेल?" आमच्या घरात कुठलीच गोष्ट वाया घालवायची रीत नव्हती. उरलेल्या भाताचा सकाळी फोडणीचा भात व्हायचा, साबणाची चिपटी नव्या वडीला चिकटायची. तुमच्या बाबांच्या घरीही तसंच. त्यात कोणाला काही चुकीचं दिसण्याचं कारणच नव्हतं.

शाळेची गोष्ट अशी निघाली. दिवाळीची सुट्टी संपली आणि सकाळी खाली शाळेच्या रिक्षा लागायला लागल्या. आजोबांचा पलंग खिडकीशी होता. ते ती गर्दी बघायचे, मग वळून तुमच्याकडे बघायचे. तुम्ही दोघं नाइटड्रेसमध्ये टॅबलेटसाठी भांडत असायचात.

"पोरांची शाळा बुडते आहे," एके दिवशी ते म्हणाले.

"अप्पा, ती काय इथे कायमची आहेत? वर्षअखेरीला तिकडचे शिक्षक घेतील सांभाळून."

"तोवर काय करतील? माझं मशीन बघत बसतील?" त्यांना खोकला आला. आम्ही दोघी थांबलो. "जिथे आहोत तिथली शाळा. आम्ही लहानपणी मामाकडे खडवलीला दोन महिने राहिलो, तर मामाने तिथल्या शाळेत नेऊन बसवलं होतं. काही बिघडलं नाही आमचं."

"म्हणून इंजिनिअर व्हायचे ते टूलरूममध्ये राहिले," मी म्हटलं. ते हसले. त्या आजारात हसणंही त्यांना महाग पडायचं.

दुसऱ्या सत्रात प्रवेश देणारी एक छोटी शाळा स्टेशनच्या पलीकडे मिळाली. मुख्याध्यापिका माझ्या ओळखीच्या होत्या. मोठीला चौथीत घेतलं, धाकट्याला शिशुवर्गात. निळा चौकड्यांचा शर्ट आणि इलास्टिकचा टाय. टाय ओढून सोडला की गळ्यावर फट्कन बसतो, हा शोध धाकट्याने पहिल्याच दिवशी लावला आणि रिक्षातल्या सगळ्या मुलांना शिकवला. शेजारच्या काकू गॅलरीतून ओरडल्या होत्या, "अगं बाई, अमेरिकेचे पाहुणे रिक्षात! दप्तर नीट धर रे, पडशील." रिक्षावाल्या काकांशेजारी तुम्हाला रोज पुढच्या सीटवर बसायचं असायचं.

आपल्या राज्यात कुठल्याही शाळेत गेलं तरी मराठी शिकावं लागतं. मोठी बोलायची ठीक, पण अक्षरओळख शून्य. चौथीच्या पुस्तकासमोर ती पहिल्या दिवशी रडून आली. बाईंनी तिला पहिलीचं पुस्तक दिलं, आणि तिला शिकवायचं काम आजोबांनी अंगावर घेतलं. मी इतकी वर्षं शिकवलेली बाई घरात असताना! मी एकदा मध्ये बोलले तर म्हणाले, "तू गप्प बस. तू इंग्रजीची. हे माझं खातं आहे."

चार वाजता रिक्षा यायची. साडेतीनपासून ते मला विचारायचे, केस विंचरून देतेस का? उशा मागे लावून बसायचे. त्या एका तासासाठी ते दुपारभर बोलत नसत, श्वास साठवून ठेवत. तुझ्या पाटीवर खडूने अक्षर काढायचे, मग तू ते गिरवायचीस. 'ळ' तुला म्हणताच येत नव्हता. कावळ्याचा तू कावला करायचीस.

"जीभ मागे दुमड गं. उलटी घडी घाल."

"घातली."

"ही कसली घडी? ही इस्त्रीची नाही, बोळा आहे. पुन्हा."

"आजोबा, तुम्ही म्हणा ना दहा वेळा."

"मला दम लागतो."

"मग मलापण दम लागतो."

"बघितलंस," ते तुझ्या आईला म्हणाले, "माझीच नात." आणि तुम्ही दोघं किती वेळ हसत होतात. तुमची आई स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. मी मटार सोलत होते. ती मला हळूच म्हणाली, "आई, हे असे किती दिवसांनी हसले."

आता जानेवारीचं ऐका. महिनाअखेरीची तुमची तिघांची तिकिटं काढलेली होती. सहा महिने पुरे व्हायच्या आत तिकडे पाय ठेवायचा आणि गरज पडली तर पुन्हा यायचं, असं आईबाबांचं ठरलं होतं. बॅगा भरून पॅसेजमध्ये उभ्या होत्या. जायच्या तीन दिवस आधी आजोबांना ताप आला आणि कल्याणच्या हॉस्पिटलात न्यावं लागलं. डॉक्टरांनी तुमच्या आईला बाहेर बोलावून सांगितलं की घरी जातील, पण आता फार दिवस धरून चालू नका.

घरी आणल्यावर आजोबांनी पहिलं तेच विचारलं. "विमान कधी आहे?"

"नाही जात अप्पा. बदलली तिकिटं."

"हजेरी कापतील."

"कापू देत."

"वेडी आहेस का?" त्यांना राग आला की ते डोळे मिटून घेत. "एवढी वर्षं काढलीस तिथे. आईला न्यायचं आहे ना तुला? मी काय आज ना उद्या जाणारच आहे. तुझ्या आईचं काय?"

ती त्यांच्या पायांशी बसली होती. म्हणाली, "अप्पा, मी गेले आणि तुम्ही गेलात, तर मला ते घेऊन काय करायचं आहे?" मग नाक पुसून म्हणाली, "आणि हिची परीक्षा आहे एप्रिलमध्ये. शाळा अर्ध्यावर सोडायची? तुम्हीच म्हणता ना, शाळा बुडू नये."

 मी तिला जा म्हणाले नाही. मला ती हवी होती. फेब्रुवारीत सहा महिने पुरे होण्याचा तो दिवस उलटून गेला. त्या दिवशी घरात कोणी त्याचं नाव काढलं नाही. तुम्ही शाळेतून आलात, आणि आजोबांनी तुला बाराखडी घातली.

ते एप्रिलमध्ये गेले, तुमची वार्षिक परीक्षा चालू असताना, सकाळी, मशीन चालू असतानाच. आधी मलाही कळलं नाही. अग्नी तुमच्या आईने दिला. तिसऱ्या दिवशी मोठीचा मराठीचा पेपर होता. बाईंनी तिच्यासाठी वेगळा, सोपा पेपर काढून ठेवला होता. घर पाहुण्यांनी भरलेलं. तुमचे काकाआजोबा म्हणाले, "वहिनी, सुतकात पोरीला पेपरला पाठवता? लोक काय म्हणतील?" मी म्हटलं, "भाऊजी, तुमच्या भावाने काय केलं असतं?"  ते उठले आणि स्वतः तुला रिक्षापर्यंत सोडून आले. परत आले तेव्हा रडत होते. तू पेपर लिहिलास, आणि संध्याकाळी आलीस ती पाटी घेऊन त्या रिकाम्या पलंगाशी जाऊन उभी राहिलीस. ते मला विसरता येत नाही.

अस्थी खडवलीला नदीत सोडल्या, त्यांच्या मामाच्या गावी. मे महिन्यात तुम्ही परत गेलात. जाण्याआधी मी शाळेतून तुमचे दोघांचे दाखले आणि गुणपत्रिका आणल्या. वर्ष कुठे गेलं असं तिकडच्या शाळेने विचारायला नको, म्हणून. शिक्षिकेची सवय.

नऊ-दहा महिन्यांनी तुमच्या आईबाबांची पाच वर्षं पुरी झाली आणि दोघांनी अर्ज केले. बाबा कुठे गेलेच नव्हते, त्यांना मिळालं. आईची मुलाखत आणखी वर्षभराने झाली, तिला अधिकारी बाई होत्या. मला आईने त्याच संध्याकाळी फोन करून सगळं सांगितलं. "ती वाईट नव्हती गं. मला टिश्यू दिला तिने. तिने एवढंच विचारलं की त्या काळात तुमचं इथे घर होतं का? नोकरी होती का? मुलं कुठे शिकत होती?"

"मग तू काय सांगितलंस?"

"खरं ते. घर सोडलं होतं, नोकरी सोडली होती. मुलं डोंबिवलीच्या शाळेत होती."

"वडील आजारी होते ते सांगितलंस का?"

"सांगितलं. ती म्हणाली, मला वाईट वाटतं. पण तुमचं घर, काम, मुलांची शाळा, सगळं तिकडेच होतं."

कागदावर पाहिलं तर ती बाई म्हणाली तसंच दिसत होतं. आपण घर रिकामं ठेवलं असतं, तुम्हाला टॅबलेटसमोर बसवून ठेवलं असतं, तर तिला तिकडे काहीतरी उरलेलं दिसलं असतं. वकील म्हणाले, दाद मागता येईल, पण भरवसा नाही. परत आल्याच्या दिवसापासून नव्याने मोजा, आणखी अडीच-तीन वर्षं थांबा आणि पुन्हा अर्ज करा. तुमच्या आईने थांबायचं ठरवलं.

आम्हाला वाटलं होतं, थांबू. मोठीने तुमच्या नव्या घरातली खालची खोली काढून मला चित्र पाठवलं होतं. त्यात माझा पलंग, माझा चष्मा आणि खिडकीत तुळस. ते मी कपाटाच्या दाराला आतून चिकटवलं. मध्ये करोनाची दोन वर्षं गेली, कचेऱ्या बंद, विमानं बंद. नंतर एकदा पाहुणी म्हणून तुमच्याकडे चार महिने राहून गेले. त्या खोलीत झोपलेही. तुळस तिथे थंडीत जगत नाही, ते तेव्हा कळलं. तिथून आले आणि वर्षाच्या आत माझ्या किडन्यांनी हात टेकले. आता आठवड्यातून तीनदा डायलिसिस आहे. डॉक्टर म्हणतात, इतका लांबचा प्रवास नको. तिथे गेल्यावर हा सगळा भार कोणी आणि कसा उचलायचा, याचंही उत्तर कोणाकडे नाही. तुमच्या आईला ते मान्य नाही. ती अजून म्हणते, बघू. पण मी रिपोर्टमधल्या आकड्यांशी भांडत नाही. तिला शपथ घ्यायला मिळाली तेव्हा माझी यायची वेळ निघून गेली होती. हे वाईट झालं. ते मी तुमच्यापासून लपवत नाही. मला तुमच्याजवळ राहायचं होतं, फार राहायचं होतं.

आता मोठीच्या प्रश्नाचं उत्तर. हो, त्या शाळेचं नाव त्या मुलाखतीत निघालं. पण शाळेत तू स्वतःहून गेली नव्हतीस. तुला आजोबांनी पाठवलं, आम्ही पाठवलं, आणि त्यात आमच्या लेखी वाईट असं काही नव्हतं. तो शेवटचा हिवाळा ते रोज चार वाजायची वाट बघत होते. तुझ्या आईने दोन्ही गोष्टी समोर ठेवून निवड केली, आणि आज विचारलं तरी ती तीच करेल. यात तुझ्यावर येण्यासारखं काही नाही. हे मी तुझी समजूत घालण्यासाठी म्हणत नाही. मी तिथे होते, मी पाहिलं आहे, म्हणून सांगते.

पलंग विकला. मशीन कल्याणच्या हॉस्पिटलला देऊन टाकलं. तुमचे चौकड्यांचे शर्ट काकूंच्या नातवंडांनी वापरून फाडले, ते बरंच झालं. पाटीही फुटली. पुढच्या वर्षी आमची इमारत पाडून नवी बांधायची आहे, तेव्हा ती खिडकीही जाईल.

आणि मराठीत का लिहिलं, ते सांगते. त्या एका सत्रापलीकडे तुला कोणी मराठी वाचायला शिकवलेलं नाही. तरी तू हे सगळं आतापर्यंत स्वतः वाचत आली आहेस, आणि धाकट्याला वाचून दाखवते आहेस. आजोबांनी शिकवलेलं तेवढं उरलं आहे.